मी चंद्र होतो तेव्हा

पुतण्याने परवा मला वडप्याला, आमच्या जुन्या गावी नेलं, नवं गोडाऊन दाखवायला. शटर खडखडत वर गेलं आणि आतून पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा, कोंडलेल्या हवेचा वास आला. छतापर्यंत खोके रचलेले. बाहेर कंटेनर मागे घेताना क्लीनर ओरडत होता, ''आने दो, आने दो!'' पुतण्याने मला पंख्याखाली खुर्ची दिली आणि सहज विचारलं, ''काका, पूर्वी काय होतं इथं?''

''खळं होतं,'' मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. खरं तर सांगायचं होतं, अरे बाबा, तू तो वजनकाटा ठेवलायस ना, बरोबर तिथं मी विष पिऊन मेलो होतो. एकदा मेलो, आणि लोकांनी वन्स मोअर दिला म्हणून पुन्हा मेलो.

पण त्याचा फोन वाजला. तो बाहेर गेला, आणि मी त्या सिमेंटच्या जमिनीकडे बघत बसलो. सिमेंटला वास नसतो. त्या खळ्याला होता. शेणाने सारवलेल्या मातीचा, जुन्या पेंढ्याचा, आणि आश्विनात चारी बाजूंना भात उभं असलं की येणारा तो किंचित दुधाळ वास. संध्याकाळी त्यात रॉकेल मिसळायचं, गॅसबत्तीचं. बत्ती पेटली की सूंऽऽ असा आवाज धरायची आणि त्या आवाजावर पावसाळी किडे येऊन आपटायचे. नाटक म्हटलं की मला अजून तो सूंऽऽ ऐकू येतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात तागे तपासायच्या कामावर होतो. तागा उजेडात धरायचा, कुठे धागा तुटलाय बघायचं, खडूने खूण करायची. दिवसभर सुताला लावलेल्या कांजीचा आंबूस वास अंगात मुरायचा. संध्याकाळी सायकलने वडप्याला परत. गावात शाळेचे गुरुजी होते, त्यांना नाटकाचं वेड. लावणी आटोपली, शेतं हिरवी झाली, माणसं मोकळी झाली की गुरुजी अस्वस्थ व्हायचे. एरवी गावात वगाचं, विनोदाचं काहीतरी व्हायचं. त्या वर्षी गुरुजींनी ठरवलं, जुनं, नामांकित, शोकांत प्रेमाचं नाटक बसवायचं.

नाटकाचं नाव मी सांगत नाही. आमच्या हातून त्याची जी गत झाली, त्यानंतर नाव न घेतलेलंच बरं. गोष्ट साधी होती. राजकन्या आणि शत्रूच्या सरदाराचा मुलगा यांचं प्रेम. राजा त्या सरदारपुत्रासाठी विषाचा पेला धाडतो, तो राजकन्या पिते, आणि उरलेलं विष मुलगा पितो. एवढी गोष्ट सांगायला लेखकाने पाच अंक घेतले होते, कारण त्यातलं कुणीही कुणाला सरळ नावाने हाक मारत नव्हतं. तो तिला चंद्र म्हणायचा, कमळ म्हणायचा, दीपज्योती म्हणायचा. ती त्याला मेघ म्हणायची, वृक्ष म्हणायची, स्वतःला चकोरी म्हणायची. तहान लागली तरी पाणी मागायला दोन पानं.

राजकन्या मी होतो.

गावातली मुलगी नाटकात उभी राहणं तेव्हा शक्य नव्हतं. माझा आवाज बारीक, मिशी धड फुटलेली नाही, कंबर तागे उचलूनही न वाढलेली. गुरुजींनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, ''ईश्वराने सोय केलीय.'' नायक होता बाळाराम. गावचा पैलवान, मनाने लोणी, आवाज भोंग्यासारखा. कुस्तीत कुणालाही न भिणारा हा गडी त्या नाटकातल्या भाषेला मात्र थरथर कापायचा.

तालीम शाळेच्या पडवीत व्हायची. पहिल्याच संध्याकाळी गुरुजींनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'उपमा' आणि 'रूपक'.

''मुख चंद्रासारखं आहे, ही उपमा. मुख हाच चंद्र, हे रूपक,'' गुरुजी म्हणाले. ''उपमेत नुसता हात धरतात, रूपकात लग्न लागतं. जिथं 'सारखं' म्हणावं लागतं, तिथं प्रेमाला अजून शंका असते. कळलं?''

बाळारामने माझ्याकडे बोट केलं.

''गुरुजी, म्हंजे ह्यो चंद्र हाय?''

''आहे.''

''सारखा न्हाय? खराच हाय?''

''नाटक संपेपर्यंत खराच.''

''मंग त्याला सांगा दाढी करून यायला,'' बाळाराम म्हणाला. ''चंद्राला खुंटं न्हाय शोभत.''

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून दाढी करून यायला सांगितलं.

तेव्हापासून पावसाळाभर मी रोज चंद्र होतो. पागोळ्यांचा आवाज, पडवीत वाळत टाकलेल्या इरल्यांचा वास, कुठेतरी बेडकांचा गिल्ला, आणि त्यावर बाळारामचा भोंगा, ''हे कमलनयने! तुझ्या मुखचंद्राच्या चांदण्यात माझ्या मनाचा सागर उचंबळतो आहे!'' तो हे म्हणत असायचा तेव्हा मी दाराशी मान किंचित कलती करून उभा असायचो, कारण गुरुजींनी तसं उभं राहायला सांगितलं होतं. पायाला डास चावायचे. मान अवघडायची. तो माझ्या पापण्यांना भुंगे म्हणायचा, माझ्या बाहूंना लता म्हणायचा, आणि मला शिंक येत असायची. हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. पाच अंकांत या राजकन्येची इतकी स्तुती होते, पण तिला 'बस जरा' असं कुणीही म्हणत नाही. चंद्राला कोण बस म्हणणार?

पाठांतर मी कारखान्यात करायचो. लूमच्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. खटाक-खटाक असा तो कानठळ्या बसवणारा मारा, त्यात मी तागा उजेडात धरून राजकन्येची वाक्यं अगदी पोटातून, हावभावांसकट म्हणायचो. कुणाला पत्ता नव्हता. पण भिवंडीची लाईट ही भिवंडीची लाईट. एके दुपारी, ऐन तिसऱ्या अंकात, कुणी गळा दाबावा तसे सगळे लूम एका क्षणात गप्प झाले. आणि त्या शांततेत माझा आवाज पत्र्यापर्यंत घुमला, ''प्राणनाथा! मी तुमच्या विरहाने व्याकूळ चकोरी!''

सगळा कारखाना माझ्याकडे वळला. रहमतभाई माझ्या जवळच्याच लूमवर होते, उत्तरेकडून आलेले, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि अतिशय काळजीने विचारलं, ''बेटा, किसके प्राणनाथ? घर में सब ठीक है?''

त्यानंतर लाईट गेली की कारखान्यातली पोरं वाट बघायची. कुणीतरी ओरडायचं, ''ए चकोरी, सुना दे!'' मी लाजून ताग्याआड तोंड लपवायचो. गुरुजींना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, ''लाजताना असंच लाज. चौथ्या अंकात उपयोगी पडेल.''

घरी मात्र मी काहीच सांगितलेलं नव्हतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नाटकाचं वावडं नव्हतं, पण पुरुषाने लुगडं नेसणं त्यांना अजिबात खपायचं नाही. ''बायलं सोंग'' हा त्यांचा शब्द. तेव्हा मी सांगून टाकलं की मी सेनापती आहे. आप्पा खूश झाले. तलवार कशी धरायची ते त्यांनी मला कोयत्याने अंगणात दाखवलं. आईला खरं ठाऊक होतं. ती चुलीकडे तोंड करून हसली.

त्याच श्रावणात माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका गावातलं स्थळ आलं. आप्पा, मी आणि मामा एसटीने गेलो. वाटेत कुंडांकडून येणारा गंधकाचा वास, भिजलेल्या सागाच्या पानांचा वास, आणि माझ्या डोक्यात राजकन्येची वाक्यं. मुलीचं नाव अनुसया. तिने पोहे आणून ठेवले आणि समोर पाटावर बसली.

माझी मोठी पंचाईत झाली. दीड महिना रोज ऐकलेल्या सगळ्या उपमा आपोआप पुढे आल्या आणि मी एकेक तिला लावून बघायला लागलो. चंद्र? नाही. तिचा रंग आमच्यासारखाच, शेतातला. कमळ? नाही. हरिणी? हरिणी मी पाहिलेली नव्हती. समोर एक मुलगी बसली होती, आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. लावणीच्या चिखलात काहीतरी लागलं असणार. ती चिंधी हळदीने पिवळी झाली होती. मला दुसरं काही दिसेचना.

''काय विचारायचं तर विचार,'' मामा म्हणाला.

मला विचारायचं होतं, दुखतंय का? पण एवढ्या माणसांत मुलीच्या पायाचं कसं विचारणार? मी म्हणालो, ''पोहे चांगले झालेत.'' मी एक घासही खाल्लेला नव्हता. तिने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ आवळून धरले. ती हसू दाबत होती. त्या ओठांना काय म्हणतात ते आमच्या नाटकात कुठेच नव्हतं.

परतीच्या एसटीत आप्पा विचारीत होते, ''पसंत हाय का न्हाय?'' मी खिडकीबाहेर बघत ''हो'' म्हणालो, आणि माझा आवाज इतका बारीक आला की मामाने वळून पाहिलं.

रीत अशी की मग मुलीकडच्यांनी येऊन घर बघायचं. आज येतो, उद्या येतो करत त्यांचं येणं लांबत गेलं. इकडे नाटक कोजागिरीला ठरलं. गुरुजींचं म्हणणं, त्या दिवशी दिव्यांचा खर्च अर्धा वाचेल आणि वातावरण आयतं मिळेल. आईने ट्रंकेतून आपला लग्नातला शालू काढून मला गुपचूप दिला. डांबराच्या गोळ्यांचा आणि वाळल्या बकुळीचा वास होता त्याला. ''शेवटच्या अंकात नेस,'' ती म्हणाली. ''मरायचंच हाय तर चांगलं नेसून मर.''

कोजागिरीच्या दुपारी मी खळ्यावर पडदे बांधत होतो. आई धावत आली.

''अरे, ते वज्रेश्वरीकडचे आले! पोरीचा बाप आणि चुलता. आप्पांनी त्यांना नाटकाला थांबवून घेतलंय. सांगतायत, आमचा मुलगा सेनापती हाय, बघूनच जा.''

माझ्या हातातली दोरी सुटली.

''आणि पोरगीपण आलीय,'' आई म्हणाली. ''तिची मावशी आपल्या गावात दिलेली न्हाय का, तिच्याकडं कोजागिरीला आलीय. बायकांत बसेल.''

मी गुरुजींकडे गेलो. म्हणालो, मला सेनापती करा. गुरुजी म्हणाले, ''वेड लागलंय? चंद्र काय ऐन पौर्णिमेला रजेवर जातो?'' मी लहानूकडे गेलो. सेनापती तो होता. मी म्हणालो, तू राजकन्या हो. लहानूची उंची माझ्या खांद्याइतकी आणि छातीवरचे केस गळ्यापर्यंत आलेले. त्याने स्वतःकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसती मान हलवली.

दिवेलागण झाली. एका बाजूला मोठ्या टोपात दूध उकळत होतं, वेलची-जायफळाचा वास पहिल्या रांगेपासून पार भाताच्या शेतापर्यंत गेला होता. माझ्या तोंडाला सफेदा लावलेला, डोळ्यांत काजळ, डोक्यावर मुंबईहून भाड्याने आणलेला, कुणा दुसऱ्याच्या तेलाचा वास मारणारा केसांचा टोप. पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत आप्पा, शेजारी मुलीचे वडील, पलीकडे चुलते. आप्पा त्यांना हाताने तलवार दाखवत होते.

गुरुजींनी रंगमंचासाठी एक चंद्र केला होता. सुपावर आमच्या कारखान्यातलं पांढरं कापड ताणून बसवलेलं, मागे कंदील, आणि दोरीने वर चढवायचा. तो वर चढला तेव्हा खरा चंद्रही नेमका बांबूच्या बेटावर आला होता. प्रेक्षकांतून आवाज आला, ''खरा कंचा?'' तेवढ्यात बाळाराम माझ्याकडे हात करून गरजला, ''हाच तो चंद्र!'' तिसरा चंद्र पाहून लोक जे हसले, ते पहिला अंक संपेपर्यंत हसत होते.

सेनापती दुसऱ्या अंकात आला. आप्पा खुर्चीत ताठ झाले. लहानू बुटका, काळा, छातीभर दाढी लावलेला. त्याने तलवार उपसली, ती म्यानासकट हातात आली.

नंतर आईने सांगितलं, मुलीचे वडील हळूच म्हणाले, ''आमच्याकडं आले तेव्हा उंच वाटले होते.''

''लांबून बुटका दिसतो,'' आप्पा म्हणाले. ते पहिल्या रांगेत होते.

सेनापती त्याच अंकात मेला. चुलत्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. ''चांगलं केलं काम,'' ते म्हणाले, जणू खरंच कुणीतरी गेलं होतं.

गडबड झाली ती चौथ्या अंकात. तिथं नायकाचं सगळ्यात लांब भाषण आहे. त्यात राजकन्येला एकामागून एक वीस-पंचवीस गोष्टी म्हटलंय. आधी सगळ्या उजेडाच्या, मग हळूहळू सगळ्या विझणाऱ्या. तेलाविना वात, पहाटेची चांदणी, मावळती कोर. गुरुजी म्हणायचे, इथंच लेखकाने मरण पेरलंय, हे भाषण पडलं की नाटक पडलं. बाळाराम जोरात निघाला. ''तू चंद्र! तू ज्योत! तू पहाटेची चांदणी! तू...'' आणि थांबला. गुरुजी विंगेतून वाक्य पुरवत होते, पण बॅटरीवर लावलेल्या भोंग्यातून आमचाच श्वास इतका मोठ्याने येत होता की काही ऐकू येईना. बाळारामच्या कपाळावरून सफेदा ओघळायला लागला.

''तू...'' तो पुन्हा म्हणाला. मग पैलवान जसा शेवटचा डाव टाकतो तसा त्याने डोळे मिटून टाकला, ''तू भिवंडीची लाईट! कधी येशील, कधी जाशील, नेम न्हाय!''

असा हशा उठला की मागच्या झाडावरचे बगळे उडाले. ''वन्स मोअर!'' कारखान्यातली पोरं आली होती, ती तर उभीच राहिली. बाळारामने डोळे उघडले, आपण जिंकलो असं त्याला वाटलं, आणि त्याने ते वाक्य पुन्हा, दुप्पट मोठ्याने म्हटलं.

आता उत्तर मी द्यायचं होतं. पुस्तकातलं उत्तर पहाटेच्या चांदणीला होतं, लाईटला नव्हतं. विंगेत गुरुजींनी कपाळाला हात लावला होता. आणि मला काय झालं कोण जाणे, पावसाळाभर अवघडलेली मान मी सरळ केली. राजकन्येच्या बारीक आवाजात, पण आमच्या आईच्या बोलीत म्हणालो, ''येते नि जाते म्हणता व्हय? आणि लाईट गेल्यावर कंदील कोण पुसतं? वात कोण कापतं? काजळीनं बोटं काळी कुणाची होतात? मला चंद्र म्हणण्यापरीस, नाथा, एकदा काच पुसायला घ्या.''

पुरुषांकडून हसू आलं. बायकांकडून काहीच आलं नाही. मग तिकडून एका म्हातारीने एकदम टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्या बाजूने इतक्या टाळ्या की चंद्र चढवणाऱ्याला वाटलं अंक संपला, त्याने चंद्र खाली घेतला.

पाचव्या अंकात मी शालू नेसून आलो. राजकन्या विषाला विष म्हणत नाही. ती म्हणते, ही माझी हळद, हा माझा अंतरपाट, हा आत्ता दूर होईल. गुरुजींनी या भाषणासाठी दोन महिने माझा जीव खाल्ला होता. लोक गप्प झाले होते. नुसती बत्ती सूंऽऽ करत होती. मी अनुसयेच्या मावशीकडून आणलेला पितळी पेला ओठांशी नेला. त्यात कोकमाचं सरबत होतं. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून आप्पांचा आवाज आला. आप्पांना हळू बोलता यायचंच नाही.

''अगं, हा तुझा शालू त्या बाईच्या अंगावर कसा?''

आणि बायकांतून आईचा आवाज, ''बाई कुठली? तुमचाच लेक हाय तो!''

पेला माझ्या ओठांशी होता. मी ते सरबत एका दमात प्यायलो. दुसरं काय करणार? त्या क्षणी ते खरोखरचं विष असतं तरी चाललं असतं. मी पडलो. बाळारामने माझ्याशेजारी बसून ऊर बडवला, उरलेलं विष म्हणून रिकामा पेलाच तोंडाला लावला, आणि माझ्या पायावर कोसळला. ठरलेली जागा तीच होती, पण त्याचं वजन पैलवानाचं होतं.

''वन्स मोअर!''

हा ओरडा बायकांतून आला. शोकांत नाटकात मेलेल्याला उठवत नाहीत, पण आमच्या गावाला ते कोण सांगणार? विंगेत गुरुजी दोन्ही हातांनी खुणावत होते, ऊठ, ऊठ. मी उठलो. पेला रिकामा होता. समोर आप्पा होते, त्यांची मान खाली गेलेली. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी राजकन्येचं ते भाषण पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं. ही माझी हळद. हा माझा अंतरपाट. या वेळी कुणीही हसलं नाही. आप्पांनी मान वर केली आणि मी पडेपर्यंत ती खाली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे चहा घेऊन निघाले. मुलीच्या वडिलांनी आप्पांना रामराम केला आणि माझ्याकडे पाहिलं. ''कळवतो,'' म्हणाले. 'कळवतो' या शब्दाचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. ओटीवर बसून ते कोयत्याला धार लावत होते, आणि धार केव्हाच लागलेली होती.

मी पेला परत द्यायला म्हणून मावशींकडे गेलो. मावशी अंगणात धान्य पाखडत होत्या. त्यांनी पेला घेतला नाही. ''आत नेऊन ठेव,'' म्हणाल्या आणि सूप जरा जास्तच जोरात वाजवायला लागल्या. आत अनुसया होती. माझ्या कानामागे सफेदा राहिला होता, तो मला तिच्या नजरेवरून कळला.

''पेला,'' मी म्हणालो.

''ठेवा.'' मग म्हणाली, ''ते कंदिलाचं बोललात, ते पुस्तकातलं होतं?''

''नाही.''

''मला वाटलंच. पुस्तकात असं कोण लिहितं?'' तिने पेला उचलून पदराने पुसला. ''तुम्ही पुसता कंदील?''

''नाही,'' मी खरं सांगितलं. ''आई पुसते.''

''मंग नुसतंच बोललात?''

माझी नजर तिच्या पायाकडे गेली. मी म्हणालो, ''त्या दिवशी तुमच्या पायाला काय झालं होतं?''

तिने पाय पुढे केला. अंगठ्याला पांढरा वण होता. ''विळा लागला होता,'' ती म्हणाली. ''बरा झाला.'' आणि पाय मागे घेत, ''एवढे जण बघायला आले नि गेले, पायाचं कुणीच विचारलं न्हाय.''

बाहेर मावशींचं सूप थांबलं होतं. त्या ऐकत होत्या.

पुढचं मला मावशींकडूनच कळलं. अनुसयेच्या वडिलांनी घरी जाऊन नकार ठरवला होता. पोरीने विचारलं, का? ते म्हणाले, ''अगं, चारचौघांत लुगडं नेसून मेला तो! लोक काय म्हणतील?'' आणि ती म्हणाली, ''बाबा, लोकांनी तर वन्स मोअर दिला.''

होकार आला त्या दिवशी आप्पा आईला म्हणाले, माझ्याकडे न बघता, ''दुसऱ्यांदा मेला तो चांगला मेला.'' आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं हे एवढंच.

लग्न वैशाखात झालं. गुरुजी आले होते, बाळाराम आला होता, रहमतभाईसुद्धा अत्तर लावून आले होते. वरात दाराशी आली. आमच्याकडे नव्या जोडप्याला बहिणी दारात अडवतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. सगळ्या गावाच्या बायका ओटीवर जमल्या होत्या. हा तर नाटकातला, आता काय झकास उखाणा घेतो बघा, चंद्र काढतो का कमळ काढतो, अशी कुजबूज चालली होती. गुरुजी कान टवकारून उभे होते. बाळाराम माझ्यामागून फुसफुसला, ''अडकलास तर लाईट सांग.''

मी तोंड उघडलं. पावसाळाभर पाठ केलेलं सगळं समोर उभं होतं, मेघ, सागर, ज्योत, चांदणी. शेजारी ती उभी होती, उन्हाने दमलेली, हळदीच्या पायांनी, मुंडावळ्या बाजूला करत.

''अनुसया,'' मी म्हणालो.

बायका वाट बघत राहिल्या. ''पुढं?''

''पुढं काही नाही. अनुसया.''

एकच गलका झाला. असा काय उखाणा, फसवलं, हे चालायचं न्हाय! बहिणी दारातून हलेनात. तेव्हा ती खाली मान घालून, ओठ आवळून, इतक्या हळू म्हणाली की फक्त पुढच्या दोघी-तिघींना ऐकू गेलं, ''येऊ द्या त्यांना आत. घेतलं त्यांनी नाव.''